पोत्यातले तीन स्वेटर

१. तावदान

चोरी झाली ती एका फुलझाडाची, हे ऐकून मला पहिल्यांदा हसूच आलं. त्यावर बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की हातातल्या कपातला चहा जागच्या जागी गार झाला. मी वाढवून सांगत नाही. कप अजून घरात आहे, कुणीही येऊन हात लावून बघावा.

दारात भाची उभी होती, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शहराबाहेर एक मोठी रोपवाटिका आहे, तिथे ती ऑर्किडं सांभाळते आणि तिथल्याच मागच्या खोलीत राहते. सकाळची बोचरी थंडी होती आणि पोरीच्या अंगात नुसता सुती सदरा.

"स्वेटर कुठाय तुझा?" हिने विचारलं.

"फौजदारांनी नेला."

"का? त्यांना थंडी वाजत होती?" मी म्हणालो.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसाल? तू बस गं. आणि पहिल्यापासून सांग."

भाचीने सांगितलं ते असं. रोपवाटिकेत एक मोठं काचघर आहे. त्याच्या पोटात काचेच्या दाराचं एक लहानसं दालन, कायम उबदार आणि दमट. त्या दालनात तिची 'ठिपकी' राहायची. बाटलीतल्या धुळीएवढ्या बीपासून भाचीने सात वर्षं वाढवलेलं ऑर्किड, आणि यंदा त्याला पहिल्यांदा फूल आलं होतं. हिरव्या पाकळ्या, वर जांभळे ठिपके. रविवारी प्रदर्शन होतं. काल संध्याकाळी पाण्याचा पंप चालू असताना ती काचघरात गेली, तर आतल्या दाराचं तावदान फुटलेलं, कडी आतून हात घालून उघडलेली आणि कुंडी गायब.

"बाहेरचं दार?"

"शाबूत. त्याच्या किल्ल्या कामावरच्या आम्हा तिघांकडे. मी, कलमकाका आणि मुकादम. पण आतल्या दाराची किल्ली फक्त मालकीणबाईंकडे आणि माझ्याकडे. मामी, किल्ली असताना मी काच कशाला फोडीन?"

"हे फौजदाराला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणाला, आपल्यावर संशय येऊ नये म्हणून फोडली असणार. मी म्हटलं, मग संशय का घेताय? तर म्हणाला, काच फोडलीत म्हणून."

हिने कपाळाला हात लावला. त्या दिवसातला तो पहिला. पुढे किती वेळा लावला ते मी मोजायचं सोडून दिलं.

"त्याने तिघांचे स्वेटर नेले. आज सकाळी माझा स्वेटर भिंगातून बघितला, तर त्यात काचेचे कण सापडले. मालकीणबाईंनी सांगितलंय, उद्या सकाळी सामान आवरून खोली सोड. आणि तक्रारीत माझं नाव घालणार आहेत." भाची रडत नव्हती. पण सदऱ्याचं एक बटण ती इतका वेळ पिळत होती, की ते शेवटी हातात आलं. "मामी, नाव गेलं की मला कुठलंच काचघर घेणार नाही. आणि ठिपकी. कुणी तिला उन्हात ठेवली असेल तर..."

आता आमच्या हिच्याबद्दल सांगायला हवं. हिने अख्खी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत काच तपासायच्या टेबलावर काढली. कुणाच्या कपड्यावरचा कण कुठल्या खिडकीचा, हे ही सांगायची. निवृत्त झाली तेव्हा तीन वकिलांनी नारळ फोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. डोळ्यांचे डॉक्टर हिला बघून गल्ली बदलतात.

हिने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "फुटलेल्या दाराशी वाकली होतीस?"

"नाही. लांबूनच बघितलं आणि पळत मालकीणबाईंकडे गेले. परत त्या बाजूला पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"मग काच तुझ्या स्वेटरवर आली कशी?"

"तेच तर तुला विचारायला आले ना मी," भाची म्हणाली.

२. पोतं

फौजदार हिचा जुना विद्यार्थी. पोलिसांना कपड्यांचा पुरावा कसा गोळा करायचा हे शिकवायला ही जायची, तेव्हा हा पहिल्या बाकावर बसून झोपायचा. पहिल्या बाकावर झोपायला धाडस लागतं, म्हणून मला तो आवडतो. हिने फोन केला आणि तो जीप घेऊन हजर झाला.

"बाई, केस सुटल्यात जमा आहे," तो बसायच्या आधीच म्हणाला. "मुलीच्या बाहीवर काहीतरी चकाकलं. भिंग लावलं. काच."

"आणि बाकीच्या दोघांचे स्वेटर?"

"ते बघायची गरजच उरली नाही ना."

ही उठली. स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली. "बाळा, मी तुला काय शिकवलं होतं? काच फुटली की सगळी पुढे जात नाही. बारीक चुरा उलटा फिरतो आणि मारणाऱ्याच्याच अंगावर येतो. लोकरीत तर छान अडकून बसतो. मग माणूस चालला, वाकला, झटकलं, की गळायला लागतो. गळताना ज्याला टेकेल त्याला चिकटतो. म्हणून कपडे कसे ठेवायचे?"

"वेगवेगळे, बाई."

"कशात?"

"कागदात, बाई."

"तू कशात ठेवलेस?"

फौजदाराने टोपी काढून मांडीवर घेतली. "खताचं एक रिकामं पोतं मिळालं, बाई. आधी चांगलं झटकून घेतलं मी."

"एक पोतं."

"एकच. तिन्ही मावले त्यात."

"आणि ते पोतं रात्रभर कुठे होतं?"

"जीपच्या मागे. गस्त होती ना. रस्ता खराब आहे, पण काळजी नको, तोंड पक्कं बांधलं होतं. नुसतं उड्या मारत होतं."

हिने कपाळावर हात मारला. आवाज ऐकून शेजारच्यांनी दार उघडून बाहेर बघितलं.

"अरे, ताक घुसळतात तसे घुसळलेस तू ते स्वेटर. एकावर काच असेल तर आता ती तिघांवर आहे. या पोरीच्या बाहीवर जे चकाकलं, ते चोराच्या स्वेटरवरून आलेलं आहे, आणि ते तू आणलंयस."

"म्हणजे मुलगी सुटली?" मी विचारलं.

"पुरावा गेला म्हणजे संशय जातो असं कुणी सांगितलं तुम्हाला? मालकीण हिला उद्या घालवणारच. सुटला तो चोर. आता तिन्ही स्वेटरवर कण सापडले तरी मी कुणाकडेही बोट दाखवू शकत नाही." ही फौजदाराकडे वळली. "जा. निदान आतातरी एकेक स्वेटर वेगळ्या कागदात बांध. मी दुपारी रोपवाटिकेत येते."

"आत्ता बांधतो, बाई."

फौजदार अर्धवट काम करणाऱ्यातला नाही. सकाळपर्यंत त्याने अर्धी माती केली होती, उरलेली दुपारपर्यंत केली.

३. ज्याचं त्याने

रोपवाटिकेच्या ओसरीवर टेबलावर तीन पुडकी ओळीने मांडली होती. खाकी कागद, वर सुतळी. फौजदार शेजारी उभा, लग्नात आहेर मांडून उभं राहावं तसा.

"छान बांधलीत," ही म्हणाली. तिच्या आवाजात मला तीस वर्षांच्या संसारात क्वचित ऐकलेली माया होती. "तू बांधलीस?"

"नाही बाई, ज्याची त्याने."

"म्हणजे?"

"तिन्ही स्वेटर एकाच रंगाचे, बाटलीसारखे हिरवे. इथे सगळ्यांना तेच देतात. ठिगळाचा मुलीचा तेवढा ठाऊक होता, बाकीचे दोन कुणाचे ते मला कळेना. म्हणून पोतं इथे आणलं. ज्याने त्याने आपला ओळखला, घेऊन गेला आणि बांधून आणला. सगळे इतकं सहकार्य करताहेत, बाई."

ही जवळच्या उलट्या कुंडीवर बसली. "संशयितांनी पुरावा घरी नेला आणि बांधून आणून दिला."

"घरी नाही हो, इथेच आसपास."

"हवालदार होता ना बरोबर?"

"होता ना. पोत्यापाशी उभा केला होता. पोतं कुणी पळवू नये म्हणून."

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. उंच बाई, हातात कात्री, बोलता बोलता दिसेल ते वाळकं पान छाटायची सवय. मी दोन पावलं मागे सरकलो.

"मला उद्या सकाळपर्यंत उत्तर हवं," त्या म्हणाल्या. "तुमची भाची आहे म्हणून थांबले. नाहीतर ती आजच गेली असती." एक पान छाटलं. "प्रदर्शनानंतर अख्खं काचघर तिच्या हवाली करणार होते मी. हे फळ मिळालं."

हिने फुटलेल्या दारापाशी जाऊन चिमट्याने चौकटीतला एक तुकडा काढला, आणि बाजूच्या जुन्या तावदानाच्या कोपऱ्यातला एक टवकाही घेतला. फुटलेलं तावदान गेल्याच महिन्यात नवीन बसवलेलं, असं मालकीणबाईंनी सांगितलं. बाकीची सगळी काचघर बांधलं तेव्हाची. ही "बरं" म्हणाली. हिचं "बरं" मी ओळखतो. ते तिने डब्यात घालून ठेवलं.

कलमकाका शेडमध्ये स्टुलावर बसून फांदीला फांदी जोडत होते. शेजारी चुलीवर मेणाचं भांडं. त्यांनी वर बघितलंही नाही.

"फुलासाठी पोलीस," ते म्हणाले. "माझं बोट कापलं होतं तेव्हा कुणी चिंधीसुद्धा आणली नाही."

"काल पंप चालू होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. आणि पंप चालू असताना काच काय, आभाळ फुटलं तरी ऐकू येत नाही."

"स्वेटर ओळखलात कसा?"

"बाहीला भोक आहे, मेणाने जळलेलं. पोरीच्या कोपराला ठिगळ आहे. उरला तो मुकादमाचा. त्याला खूण कसली? काम केलं तर खूण पडणार."

"आणि बांधलात कुठे?"

"याच स्टुलावर. आधी चांगला खसाखसा झटकला. मळका कपडा सरकारात कसा द्यायचा?"

हिने डोळे मिटले. मी हिच्या दंडाला धरून बाहेर आणलं, नाहीतर त्या मेणाच्या भांड्याचं काही खरं नव्हतं.

मुकादम म्हणजे अगदी गोड माणूस. भांग चोपून बसवलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालले की छुमछुम. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा लावला, मग थंडी आहे हे आठवून बंद केला.

"मुलगी गुणी आहे हो," ते म्हणाले. "पण वय लहान. काचघर हातात येणार म्हटल्यावर डोकं फिरत असेल."

"जे हातात येणारच आहे, त्यातलं झाड चोरायचं कशाला?"

"तेच मलाही कळत नाही."

"आधी काचघर कुणाकडे होतं?"

"माझ्याकडेच. वीस वर्षं. मला काय, उलट आराम." किल्ल्या वाजल्या.

"तुम्ही स्वेटर कुठे बांधलात?"

"कोठीत. कागद, सुतळी तिथेच असते. खत, हातमोजे, नवे स्वेटर, सगळं माझ्या ताब्यात. मालकीणबाईंना एक खिळा कमी आलेला चालत नाही. स्वेटर किती शिल्लक आहेत ते त्यांना झोपेत विचारा, सांगतील." ते जरा पुढे झुकले. "बाई, एक विचारू? फौजदारसाहेब म्हणाले, ज्याच्या स्वेटरवर काच, तो चोर. खरं का?"

"असं म्हणाला तो?"

"सगळ्यांसमोर. स्वेटर बांधायच्या आधी."

ही वर छताकडे बघत राहिली. मीही बघितलं. तिथे काही नव्हतं.

४. तेल

आमच्या जेवणाच्या टेबलावर हिचा जुना मायक्रोस्कोप असतो. त्याखाली मी अधूनमधून साखरेचे दाणे बघतो, म्हणून ही माझ्याशी अधूनमधून बोलत नाही. त्या संध्याकाळी टेबल पुसलं, पांढरे कागद पसरले, आणि फौजदाराला 'कशालाही हात लावायचा नाही' या अटीवर खुर्ची दिली. भाची भिंतीला टेकून उभी.

"आता नीट बघा," ही म्हणाली. "काचेचा कण तेलाच्या थेंबात टाकायचा आणि तेल हळूहळू तापवायचं. एका ठरावीक उष्णतेला कण दिसेनासा होतो. आहे तिथेच असतो, पण तेलात आणि त्यात नजरेला फरक उरत नाही. वेगळ्या काचेचा कण वेगळ्या उष्णतेला गायब होतो."

फुटलेल्या तावदानाचा कण एका आकड्याला गायब झाला. जुन्या तावदानाचा त्याच्या बराच पुढे.

"म्हणजे काचघरातली रोजची जुनी काच आणि चोराने फोडलेली काच, यात गल्लत होणार नाही," ही म्हणाली. "चला, पहिलं पुडकं."

भाचीचा स्वेटर निघाला. कोपराला ठिगळ, ओल्या मातीचा वास. हिने तो कागदावर हलकेच झाडला आणि कण वेचले. तेलात टाकले. फुटलेल्या तावदानाच्याच आकड्याला गायब.

भाचीने ओठ चावला.

दुसरं पुडकं. बाहीला भोक, मेणाचा आणि घामाचा वास. कलमकाकांनी खसाखसा झटकूनसुद्धा विणीत कण अडकलेले होते. तेही त्याच आकड्याला गायब.

"म्हणजे म्हातारा," फौजदार उठायला लागला.

"बस खाली. पोत्यात सगळ्यांना मिळाली असणार, हे सकाळी सांगितलं ना?"

तिसरं पुडकं सोडलं आणि मला शिंक आली. मग दुसरी आली. तिसऱ्या शिंकेला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर एक महिना पुढे गेलं.

"अहो, कागद उडताहेत."

"मी काय करू? लहानपणापासून मला डांबरगोळीचा वास सहन होत नाही."

ही थांबली. स्वेटर नाकाजवळ नेला. मग कागदावर झाडला. एक कण नाही. परत झाडला. उलटा करून झाडला. बाह्या, गळा, काठ, सगळी वीण भिंगाखाली धरली. फौजदाराने दोनदा घड्याळ बघितलं.

"काहीच नाही," ही म्हणाली.

"मुकादम निर्दोष," फौजदार म्हणाला. "मला वाटलंच होतं, सज्जन माणूस आहे. उरले दोघं. त्यात म्हाताऱ्यापेक्षा मुलीच्या स्वेटरवर जास्त निघाले. बाई, वाईट वाटतं, पण उद्या..."

भाची भिंतीपासून सरळ झाली. "मी सामान आवरायला जाते," ती म्हणाली.

"खाली बस," ही म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. "अहो, तुमच्याकडे चांगला स्वेटर नाही ना?"

"आहेत की चार."

"एकही चांगला नाही. उद्या सकाळी आपण मुकादमांकडे मागू."

५. सगळ्यात खालचा

सकाळी कोठीत आम्ही सगळे. मालकीणबाई कात्रीसकट, फौजदार, कलमकाका ('माझं मेण गार होतंय'), आणि भाची. तिची पिशवी आणि गुंडाळलेली गादी बाहेर ओसरीवर होती. मुकादमांनी कुलूप उघडलं.

"ह्यांना थंडी फार वाजते," ही म्हणाली. "मालकीणबाईंची परवानगी असेल तर एक स्वेटर घेते."

"द्या हो," मालकीणबाई म्हणाल्या. "पण हे चाललंय काय?"

मुकादमांनी लोखंडी पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा भपकारा आला आणि मी दाराबाहेर जाऊन शिंकून आलो. त्यांनी वरचा स्वेटर काढून पुढे केला.

"हा नको. सगळ्यात खालचा द्या."

"सगळे एकच आहेत, बाई."

"मग खालचा द्यायला काय हरकत आहे?"

किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"फौजदार," ही म्हणाली, "तुझ्या गाढवपणाने एक गोष्ट पक्की झाली होती. तिन्ही स्वेटर रात्रभर एका पोत्यात उड्या मारत होते. दोघांवर काच सापडली. मग तिसऱ्यावर सापडायलाच हवी. चोर कुणी का असेना, पोत्यात गेलेला एकही स्वेटर कोरा राहू शकत नाही. या कलमवाल्यांनी खसाखसा झटकला तरी उरलीच. आणि मुकादमांच्या स्वेटरवर एक कण नाही. याचा अर्थ काय?"

फौजदार विचार करत होता. ते दृश्य दुर्मीळ असल्यामुळे मी नीट बघून घेतलं.

"याचा अर्थ," तो सावकाश म्हणाला, "तो स्वेटर पोत्यात नव्हताच."

"जिंकलास. पोत्यात गेला तो वेगळा, पुडक्यातून आला तो वेगळा. ठिगळवाला आणि भोकवाला बदलता आला नसता, लगेच कळलं असतं. बदलता येण्यासारखा एकच होता, बिनखुणेचा. आणि बदलायला नवा स्वेटर लागतो, तो या पेटीत. पेटीची किल्ली एकाच कमरेला. नव्या स्वेटराला डांबरगोळीचा वास येतो, तो आमच्या ह्यांच्या नाकाने पकडला. आयुष्यात पहिल्यांदाच ते नाक कामाला आलं."

"पण जुना स्वेटर तर त्यांनी जाळला असेल," मी म्हणालो, नाकाचा अपमान गिळून.

"कसा जाळतील? पेटीतला एक कमी झाला असता. आणि मालकीणबाईंना स्वेटरांचा आकडा झोपेतही पाठ. एक काढला की एक ठेवायला हवा."

फौजदाराने पेटीत हात घातला आणि तळाचा स्वेटर ओढून काढला. घडी व्यवस्थित, पण गळ्याला केसांच्या तेलाचा डाग. हिने पिशवीतून पांढरा कागद काढून जमिनीवर पसरला आणि वर स्वेटर झाडला. पोत्यात एवढा चुरा वाटला गेला, तरी मूळ स्वेटरवर भरपूर शिल्लक होता. उजव्या बाहीच्या काठातून तर चुरा नुसता सांडला. दारातल्या उजेडात कागद चमकायला लागला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे आरसाच होता, फुटलेला.

"याची तपासणी करीन मी," ही म्हणाली. "पण कण कुठल्या आकड्याला गायब होतील ते मला आत्ताच माहीत आहे. मुकादम, तुम्ही नुसते गप्प बसला असतात ना, तर तुमच्या स्वेटरवरही दोघांसारखीच काच निघाली असती आणि मला काहीच म्हणता आलं नसतं. या फौजदाराने तुम्हाला वाचवलं होतं. तुम्हालाच जास्त स्वच्छ व्हायची घाई झाली."

मुकादम पेटीवर बसले. भांग तसाच होता, चेहरा मात्र उतरला. "वीस वर्षं," ते मालकीणबाईंना म्हणाले. "एकेक तावदान मी हाताने पुसलंय. आणि तुम्ही चहा घेता घेता सांगितलंत, की आता ही पोर बघेल."

मालकीणबाईंच्या हातातली कात्री उघडी राहिली होती.

"माझं झाड कुठाय?" भाचीने विचारलं.

मुकादमांनी मान फिरवली. भाची त्यांच्याकडे बघत राहिली, मग एकदम वळली. "काचघराबाहेर दमट जागा एकच आहे," असं म्हणत ती पंपाच्या खोलीकडे पळाली. आम्ही मागोमाग. पाण्याच्या टाकीमागे, अंधारात, ओल्या पोत्याच्या आडोशाला ठिपकी उभी होती. हिरव्या पाकळ्या, जांभळे ठिपके. एकही पाकळी गळली नव्हती. पानांवर पाण्याचे ताजे थेंब होते.

भाचीने थेंबाला बोट लावलं आणि मागे बघितलं. फौजदाराने धरून आणलेले मुकादम दारात उभे होते.

"आज सकाळी पाणी घातलंत?"

"कोरडी पडली असती," ते म्हणाले.

भाची खाली वाकली. कुंडी दोन्ही हातांनी उचलून ती बाहेर आली. मालकीणबाई ओसरीवर त्या गादीपाशी उभ्या होत्या.

"हे सामान परत खोलीत लावून घे," त्या म्हणाल्या.

"आधी हिला जागेवर ठेवते. मग बघते, लावायचं का."

ती काचघराकडे निघाली. मालकीणबाईंनी समोरच्या वेलीचं एक वाळकं पान धरलं, पण छाटलं नाही. "थांब," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. विचारायला हवं होतं तुला. आणि त्यालाही."

भाची थांबली. "दार उघडा जरा," ती म्हणाली. "माझे दोन्ही हात अडकलेत."

मालकीणबाईंनी कात्री खिशात ठेवली आणि पुढे होऊन काचघराचं दार उघडून धरलं.

परत येताना फौजदाराने आम्हाला जीपमधून सोडलं. रस्ता खरंच खराब आहे, आम्हीही पोत्यासारखे उड्या मारत होतो. घर आलं तसा तो घसा खाकरून म्हणाला, "बाई, अहवालात असं लिहिलं तर चालेल का, की तिन्ही स्वेटर मी मुद्दामच एका पोत्यात घातले होते?"

हिने त्याला काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. मला मात्र कल्पना फार आवडली. तेव्हापासून ही गोष्ट मी जिथे जातो तिथे तशीच सांगतो: फौजदाराने सापळा रचला, पोतं निवडून आणलं, खराब रस्ता मुद्दाम शोधला. ती इतकी पसरली, की आता नव्या पोलिसांना शिकवायला त्यालाच बोलावतात. परवा तो पेढ्यासारखं तोंड करून सांगायला आला होता, की पोरं पहिल्या बाकावर बसून अगदी मन लावून ऐकतात, आणि गेल्या आठवड्यात एकाने सहा जणांचे कपडे एकाच पोत्यात भरून आणले.

शेजारच्यांनी दार उघडून बाहेर बघितलं.